बिनआवाजाची गाडी

वयाची पंचावन्नी उलटली, केस निम्मे पांढरे झाले, गुडघे चालताना बोलायला लागले, आणि त्या सुमारास मला घाटातल्या शाळेत जायला बॅटरीवरची स्कूटर घ्यायची बुद्धी झाली. मूर्खपणा मी जन्मभर केला आहे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना पालक समजून, पोराला चार दिवस अंघोळ का घातली नाही म्हणून झापलं होतं. पण तसले मूर्खपणे माझे मला भोवले आणि वर लोकांची करमणूकही झाली. हा एकच दुसऱ्याला भोवला. म्हणून तो आधीच सांगून टाकते.

त्या गाडीला आवाज नव्हता. दुकानातल्या पोरानं तीच तिची थोरवी म्हणून सांगितली. "मॅडम, शेजारून गेली तरी माणसाला कळणार नाही." मी हरखले. माझी नात तेव्हा दुसरीत होती, आणि "आजी, तुझ्या गाडीच्या धुरानं झाडं खोकतात" असं मला रोज ऐकवायची. पर्यावरण म्हटलं की मलाही भाषण सुचतं. आमचे हे मागे उभे राहून एवढंच म्हणाले, की डोंगरात चार्जिंग संपलं तर ढकलायला कोण आहे? मी म्हटलं, माझे विद्यार्थी आहेत. नवरा शहाणा असला तरी दुकानात त्याचं ऐकायचं नसतं, या नियमानं मी ती घेतली आणि जुनी दिली.

हे पुढे येईलच. त्याआधी तो रस्ता सांगायला हवा, कारण माझी अर्धी नोकरी त्या रस्त्यावरच झाली.

मी पारोळ्याची. किल्ला पाहत वाढले. पण डोंगर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आमच्याकडे नजर जाईल तिथवर कपाशी. लग्न होऊन साक्रीला आले, जिल्हा परिषदेची ऑर्डर मिळाली, आणि पहिलीच नेमणूक पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर. घरात सुतकी कळा. सासूबाई तर आठ दिवस मला तूप जास्त वाढत होत्या. मी मात्र खुशीत. मला वाटलं, सरकारनं मला पगारी सहलीला पाठवलं.

साक्रीतून निघालं की आधी कांद्याची शेतं, मग पांझरा नदीवरचा पूल, मग बाजरी, आणि बाजरी संपते तिथे रस्ता अचानक मान वर करतो. सकाळी पायथा अजून निळसर अंधारात असतो आणि समोरच्या डोंगराच्या डोक्यावर ऊन आलेलं असतं. आपण वर चढत जातो, ऊन खाली उतरत येतं, आणि अर्ध्या घाटात दोघांची भेट होते. ती भेट कुठे होईल ते महिन्यामहिन्याला बदलतं. फाल्गुनात सगळा उतार पळसानं लाल. श्रावणात तेरडा, दगडादगडातून पाणी, आणि ढग इतके खाली की चष्मा पुसत गाडी चालवायची. थंडीत कांडोळाची झाडं पांढरीफटक, कुणीतरी चुना फासल्यासारखी.

एका वळणावर उजव्या हाताला दरी उघडते. तिथे मी रोज थांबायची. तेव्हा माझ्याकडे लूना होती, डोळ्यांवर गॉगल होता आणि पर्समध्ये कवितांची वही. घाटावर तेव्हा किती कविता केल्या देव जाणे. सगळ्यांत "हिरवा शालू" होता. डोंगराला मी सगळे ऋतू तोच नेसवला, उन्हाळ्यातसुद्धा. शिक्षकांच्या मेळाव्यात त्या वाचल्याही. एक गुरुजी नंतर अदबीनं म्हणाले, बाई, डोंगराला एखादा दिवस तरी लुगडं बदलू द्या.

त्या वळणावर अशीच एकदा दरीकडे टक लावून उभी होते. लाकडाची मोळी घेऊन एक म्हातारी आली. मोळी टेकवून तीही माझ्या बाजूला उभी राहिली, खाली वाकून वाकून पाहू लागली. मग मला विचारलं, "काय हारपनं वं माय?" मी म्हटलं, काही हरवलं नाही आजी, नुसतं बघतेय. ती आणखी थोडा वेळ दरीत बघत राहिली. मला शोधायला लाज वाटत असेल असं समजून तिनं तिच्या परीनं मदत केली, आणि मोळी उचलून गेली. मी घरी येऊन त्यावरही कविता केली. आता वाटतं, वहीच दरीत हारपली असती तर मराठीवर उपकार झाले असते.

त्या शाळेत माझी नोकरीची पहिली काही वर्षं गेली आणि शेवटची काही. मधल्या काळात सपाटीवरच्या शाळा केल्या, मोठ्या, पंखे असलेल्या. पण निवृत्ती जवळ आली तेव्हा मी अर्ज करून तीच डोंगरातली शाळा परत मागितली. लोक अवघड शाळेतून सुटायला धडपडतात. ही बया तिकडे जायला मागते म्हणून ऑफिसात माझ्या डोक्याची चौकशी झाली.

बाहेरच्या माणसाला अशी शाळा म्हणजे काय ते सांगते. एक खोली, एक ओटा, एक हापसा. पहिली ते चौथी सगळे त्या एका खोलीत. दोन शिक्षकांची जागा मंजूर, पण दुसरी कायम रिकामी. म्हणजे मीच मुख्याध्यापक, मीच शिपाई, आणि सही करताना मीच माझी वरिष्ठ. एका भिंतीला पहिली-दुसरी, समोरच्या भिंतीला तिसरी-चौथी, आणि मधल्या जागेत मी जात्याच्या वरच्या दगडासारखी गोल फिरत. चौथीला भागाकार देऊन पहिलीला क काढून दाखवायचा, तोवर दुसरीत कुणीतरी कुणाला चावलेलं असायचं. पोरं घरी अहिराणी बोलायची आणि पुस्तक बोलायचं पुस्तकी. आधी मी त्यांच्याकडून शिकायची, मग ती माझ्याकडून. यात मला कमीपणा वाटला नाही. कमीपणा वाटून घ्यायला वेळच नव्हता.

या दुसऱ्या खेपेला माझ्याकडे जुनी पेट्रोलची स्कूटर होती. तिचा सायलेन्सर घाटातल्या एका दगडानं फोडला होता. मेकॅनिक दर वेळी विचारायचा, मॅडम, बदलून टाकू का? मी म्हणायची, पुढच्या महिन्यात. तो पुढचा महिना कधी आला नाही. सपाटीवर ती नुसती खोकायची, पण चढ लागला की असं काही भुंकायची की घाटाच्या दोन्ही अंगांना ऐकू जायचं. वळणं इतकी, की पायथ्याशी आवाज सुरू झाल्यावर वर पोचायला चांगला वेळ लागे. आवाज आधी यायचा आणि मी मागून.

त्यावर हळूहळू सगळ्या घाटाचं वेळापत्रक बसलं. ते मी बसवलं नव्हतं. रस्त्यापासून आत, उंचवट्यांच्या आड दोनचार पाडे होते. सकाळी त्या बाजूला दुसरं वाहन फिरकायचं नाही; जीप यायची ती बाजाराच्या दिवशी. फोनला रेंज फक्त शाळेमागच्या टेकडीवर, तीही वारा योग्य दिशेचा असला तर. त्यामुळे कुणाला खाली जायचं असलं, दुखलंखुपलं असलं, की घरातली माणसं आवाजाची वाट पाहत बसत. 'मॅडमनी गाडी वाजनी' की उठायचं आणि रस्त्यावर येऊन उभं राहायचं. मी येईपर्यंत ती वळणावर हजर. आजारी माणूस असलं की मी तिथूनच गाडी वळवायची, त्याला खाली पायथ्याच्या गावात सरकारी दवाखान्यात पोचवायची, आणि मग परत चढायची. तोवर चौथीतल्या पोरी वर्ग सांभाळत. सरकारी नियमात हे बसत नाही. पण मी माझी वरिष्ठ होते, त्यामुळे मी मला परवानगी देत असे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. हिरामणबाबा नावाचे एक आजोबा होते. सकाळी मला थांबवून संध्याकाळच्या उतरतीचं आरक्षण करायचे आणि संध्याकाळी बोकड काखेत घेऊन मागे बसायचे. मी कुरकुरले तर म्हणाले, "तो काही करत नही मॅडम, बठ्ठं समजस त्याले." त्याला सगळं समजत असेल, पण त्यानं माझी पाठीमागची वेणी निम्मी खाल्ली. एकदा दिवस भरलेल्या एका बाईला घेऊन निघाले, ती दुसऱ्या वळणावरच म्हणाली, थांबा. मोहाच्या झाडाखाली मोकळी झाली. बरोबर तिची सासू होती म्हणून निभावलं. मी नुसती पदर धरून आडोसा झाले होते. पोराचं नाव त्यांनी मास्तर ठेवलं. पुढे तो बालवाडीत यायला लागला. मास्तर हजर आहे का म्हणून विचारलं की पोरं सांगत, मास्तर रडतोय.

हे सगळं मी कौतुकानं सांगायची. लग्नाकार्यात, मेळाव्यात. लोक 'धन्य तुमची' म्हणायचे, आणि मी नम्रपणे मान खाली घालायची, पण फार खाली नाही. एक गोष्ट मात्र मला कधी सुचली नाही. मला वाटायचं, घाटातली माणसं माझ्या भरवशावर आहेत. ती भरवशावर होती त्या फुटक्या सायलेन्सरच्या.

नवी गाडी आली आणि घाट गप्प झाला. पहिल्या सकाळी मी चढले तेव्हा मला पाखरं ऐकू आली. इतकी वर्षं त्या रस्त्यानं गेले, पण पाण्याची झुळझुळ, मोराची हाक, पानावरून थेंब गळताना होतो तो टप्प, काही ऐकलंच नव्हतं. सगळं माझ्याच गाडीच्या पोटात जात होतं. मी पुन्हा वळणावर थांबायला लागले. कविता केल्या नाहीत, एवढी सुधारणा झाली होती.

शाळेत मात्र पोरं उशिरा यायला लागली. मी ओट्यावर उभी, मैदान रिकामं. आधी समजावलं, मग रागावले, मग उशिरा येणाऱ्यांना बाहेर उभं केलं. पोरं माना खाली घालून उभी राहत. शेवटी तिसरीतली ललिता बोलली. "मॅडम, तुमनी गाडी वाजसच नही. आमले कसं समजी?"

मी खूप हसले. पोरंही हसली. शाळेची घंटा वर्षानुवर्षं मीच होते आणि मला पत्ता नव्हता. पाचोऱ्याला माझा भाऊ आहे. त्यानं रुळाचा एक तुकडा आणून दिला. कुठून आणला ते मी विचारलं नाही. तो ओट्याच्या कडीला टांगला. पोचले की आधी मी त्यावर लोखंडी गज हाणायची, आणि पोरं जेवून-बिवून पोचेपर्यंत फळा तयार करायची. घण्ण असा आवाज सगळ्या दरीत घुमायचा. प्रश्न सुटला. मी स्वतःवर खूश झाले.

सुटला तो शाळेचा प्रश्न. घंटा वर पोचल्यावर वाजते, तेव्हा गाडी पाड्यांवरून पुढे निघून गेलेली असते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. बहुतेक कुणाच्याच आलं नाही. नवी गाडी आल्यापासून कुणी आजारी पडलंच नव्हतं.

ललिता खालच्या पाड्यावरची. दरीचं ते वळण आहे ना, त्याच्या डाव्या हाताला एक उंचवटा, आणि त्याच्या मागे पाचसहा घरं. रस्त्यावरून ती दिसत नाहीत आणि घरातून रस्ता दिसत नाही. बाप सुकलाल, आई यमुनाबाई. पोरगी काळीसावळी, दोन दात पुढे. गणित सगळ्यांच्या आधी सोडवायची आणि पाटी पोटाशी उलटी धरून बसायची. शेजारच्यानं बघू नये म्हणून नव्हे, तर शेजारच्याला वाईट वाटू नये म्हणून. प्रार्थनेत तिचा आवाज सगळ्यांत मोठा आणि सुराला सोडून कुठेतरी पलीकडच्या डोंगरावर. मी एकदा म्हटलं, ललिता, हळू म्हण गं. तर हळू आवाजात तितकीच बेसूर.

कानबाईच्या सणाचे रोट होऊन गेले होते. श्रावण संपत आलेला. त्या सकाळी ढग रस्त्यावर उतरले होते. मी वळणावर पोचले आणि नेमकं तेव्हा दरीतलं धुकं मधोमध फाटलं, खाली उन्हाचा एक पट्टा पडला आणि त्यात नाल्याचं पाणी लखलखलं. मी थांबले. गाडी बंद करायचीही गरज नव्हती, ती मुळात बंद असल्यासारखीच. तेरड्याच्या फुलांवर पाणी होतं. कुठे माणसाचा आवाज नाही. किती वेळ उभी होते सांगता येत नाही. धुकं परत मिटेपर्यंत. मग वर गेले आणि घंटा दिली.

मी वळणावर उभी होते तेव्हा उंचवट्याच्या मागे सुकलालच्या ओट्यावर ललिता आजीच्या मांडीवर पडलेली होती. पहाटे तिचं पोट दुखायला लागलं. मग डोळ्यांच्या पापण्या उघडेनात. अंथरुणात चावलेलं कळलं नव्हतं, चावल्याची खूणही नीट दिसत नव्हती, पण म्हाताऱ्या माणसांनी ओळखलं, की मण्यार. भगताकडे न्यायचं कुणी काढलंही नाही. घरातल्या सगळ्यांचं एकच ठरलं, की मॅडमच्या गाडीवर दवाखान्यात न्यायचं. पाड्यावरची एकुलती मोटरसायकल मालकाबरोबर कांद्याच्या कामावर गेलेली. पाठुंगळीला मारून पायी खाली जायचं तर दुपार होणार, आणि गाडी तर आता वाजेलच. पोरीला ढगात, ओल्यात रस्त्यावर कशाला ठेवायचं. आवाज आला की उचलून पळायचं. वर्षानुवर्षं असंच तर केलं होतं. गाडी आता वाजत नाही हे पोरांना माहीत होतं. मोठ्यांनीही ऐकलं असेल. पण अशा वेळी माणूस ऐकलेल्या गोष्टीवर जात नाही, सवयीवर जातो.

मग वरून घंटा वाजली.

सुकलाल पोरीला खांद्यावर टाकून चढ चढत आला. मी फळ्यावर तारीख लिहीत होते. दारात तो उभा राहिला तेव्हा त्याला श्वास पुरत नव्हता. मग म्हणाला, "मॅडम, आम्हीन तुमनीच वाट दखत व्हतूत. गाडी वाजनीच नही."

मी पुढे, मध्ये ललिता, मागे सुकलाल. खालच्या पाड्यापाशी यमुनाबाई रस्त्यावर येऊन उभी होती. गाडीवर जागा नव्हती. मी न थांबता ओरडून सांगितलं, मागून या. आरशात ती पळताना दिसली, पहिल्या वळणापर्यंत.

त्या दिवशी घाट फार सुंदर दिसत होता. हे लिहायला मला लाज वाटते, पण खोटं कसं लिहू? धुकं उठलं होतं, ऊन अर्ध्या उतारावर येऊन पोचलं होतं, सगळं धुऊन काढल्यासारखं. आणि त्या गाडीला आवाज नसल्यामुळे मला माझ्या पाठीशी पोरीचा श्वास ऐकू येत होता. आधी लांब लांब. मग मध्ये थांबून. सुकलाल तिच्याशी बोलत होता, सारखा, घरातल्या शेळीबद्दल काहीतरी. मी देवाला म्हणत होते, घाट संपू दे. एवढा लांब तो मला कधी वाटला नव्हता, आणि आता तर आम्ही उतरत होतो.

दवाखान्यात औषध होतं, डॉक्टर होते. पोरसवदा डॉक्टर, त्यानं जे करायचं ते सगळं केलं, घाम पुसायला थांबला नाही. ललिता तिथेच गेली. मी त्याला बाहेर गाठून विचारलं, की थोडं आधी आणलं असतं तर? त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझं वय पाहिलं, मातीनं भरलेली साडी पाहिली, आणि म्हणाला, सांगता येत नाही, मावशी. तो खरं बोलत होता की दयेनं बोलत होता, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

यमुनाबाई पायी घाट उतरून, पुढे एका टेंपोवर बसून आली, तेव्हा सुकलाल पायरीवर बसलेला होता. त्याला पाहिल्यावर ती आत न जाता त्याच्या बाजूला बसली.

बॅटरीची गाडी मी त्यानंतर चालवली नाही. भावाच्या मुलाला देऊन टाकली. पाचोरा सपाटीवर आहे. यांची जुनी स्कूटर घेतली आणि घाटात प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत जायला लागले. एकदा नाही, तीनतीनदा. पाखरं उडून जात. मी दरीकडे बघत नव्हते, आणि डावीकडे उंचवट्याकडे तर नाहीच. ते वळण आलं की मान ताठ, नजर समोरच्या डांबरावर, जसं काही ड्रायव्हिंगचं लायसन काढायला आले आहे.

मला कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. पाड्यावरच्या बायका पूर्वीसारख्याच शेंगा आणून देत. हिरामणबाबा त्यांच्या बोकडासह बसत, आणि बसताना पाठीवर हात ठेवत. सुकलाल दोनदा भेटला. नशिबाला बोल लावून मोकळा झाला. गावानं मला दोष द्यावा अशी मी वाट पाहत होते, आणि गाव माझीच समजूत काढत होतं. मी शिकवायची ती शाळा, पण तिथे मला शिक्षा द्यायला कुणी शिक्षक नव्हता.

पण यमुनाबाई कुठे दिसली नाही. तिच्या घरी जायला हवं होतं; मी गेले नाही. दहाव्याला गेले नाही, तेराव्याला गेले नाही. शाळा आहे, अहवाल आहे, ताप आहे. रोज त्या घरावरून जात होते आणि रोज एक कारण हॉर्नबरोबर वाजवत होते. तरुणपणी मला वाटायचं, मी धीट आहे. एकटी बाई रोज घाट चढते. घाट चढायला धीर लागत नाही, पेट्रोल लागतं. धीर त्या उंचवट्यावर चढायला लागत होता, आणि तो दहाबारा पावलांचाही चढ नव्हता.

प्रार्थनेला पोरं उभी राहत. आता सगळे सुरात म्हणायचे. मला ते ऐकवत नसे.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली होती. गवत पिवळं पडलं होतं. मी हॉर्न देत वळणावर आले, आणि रस्त्याच्या मधोमध यमुनाबाई उभी. मी ब्रेक दाबला. तिच्या मागे उंचवट्यावरून उतरणाऱ्या पायवाटेची धूळ अजून खाली बसायची होती. म्हणजे हॉर्न ऐकून ती पळत आली होती. माझ्या मनात आलं, आता ही बोलेल. हॉर्न बंद करा म्हणेल, त्यानं जीव उडतो म्हणेल. किंवा ते दुसरं म्हणेल, जे मी स्वतःला रोज म्हणत होते. मी गाडी बंद केली. हेल्मेट काढलं. तिच्या तोंडाकडे बघायचं ठरवून बघितलं. ती फार वाळली होती. तिनं गाडीचं हँडल एका हातानं धरलं, मी निघून जाईन अशी भीती असल्यासारखं, आणि म्हणाली:

"मॅडम, दिनभर ती तुमनापाशी राहे. तिनी शाया मी कधी दखीच नही. तठे ती कशी बसे, कशी बोले, कोनसंगे हासे, माले काहीच ठाऊक नही. जराखं उतरा, आठे बसा, आन बठ्ठं माले सांगा."